युरोपात २०३० पासून प्लास्टिकच्या डबीत द्राक्षं चालणार नाहीत म्हणे. मग आम्ही पेटीवाल्यांनी आता कुठलं मशीन घ्यायचं?

पेटीवाला_अंबड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता गरज पडली म्हणून धागा काढतोय.

नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं पुठ्ठ्याच्या पेट्यांचं युनिट आहे. वडिलांनी तीन प्लायच्या (थरांच्या) साध्या पेट्यांपासून सुरू केलं. आता पाच प्लाय, डाय कटिंग (साच्याने पुठ्ठा कापणं), छपाई सगळं होतं. वर्षातला निम्म्याहून जास्त धंदा जानेवारी ते एप्रिल या द्राक्षाच्या हंगामात होतो. पेटी आमची, आणि आत बसणारे पाचशे ग्रॅमचे पेटचे (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) पनेट, म्हणजे छोट्या डब्या, पुण्याच्या एका थर्मोफॉर्मिंगवाल्याकडून (प्लास्टिकची शीट तापवून साच्यात आकार देणारा) आणून पॅकहाऊसला पूर्ण संच देतो. साडेचार किलोच्या पेटीत नऊ पनेट, पाच किलोच्या पेटीत दहा.

यंदा हंगाम संपता संपता आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाने एक फॉर्म पाठवला. पेटीत रिसायकल कागद किती टक्के, पनेटमध्ये आरपेट (रिसायकल केलेलं पेट) किती आणि ते कुठून आलं, शाई कुठली, एफएससी (जंगल राखून केलेल्या कागदाचं प्रमाणपत्र) आहे का, आणि शेवटी एक ओळ : 'प्लास्टिकविरहित पनेटचा पर्याय कधीपर्यंत देऊ शकाल?' पूर्वी हेच लोक फक्त विचारायचे, 'किलोमागे किती कमी करतोस?'

कारण युरोपीय संघाचा पॅकेजिंगचा नवा कायदा, २०२५/४०. ११ फेब्रुवारी २०२५ ला अमलात आला, बहुतेक कलमं १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू. त्यात ताज्या फळं-भाज्यांच्या दीड किलोच्या आतल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक पॅकिंगवर १ जानेवारी २०३० पासून बंदी आहे. आमचा पनेट अर्धा किलोचा, म्हणजे थेट त्यात बसतो.

माझ्यासमोर तीन वाटा आहेत.
एक, पल्प मोल्डिंगचं मशीन घ्यायचं (अंड्यांचे ट्रे असतात त्या जातीचं, पण गुळगुळीत).
दोन, जाड कागदाचा घडीचा पनेट आपल्याच डाय कटिंगवर काढायचा.
तीन, गप्प बसायचं आणि पेटचा पनेटच हलका करत राहायचं.

कर्ज सात वर्षांचं पडेल. चुकलं तर मुलाच्या गळ्यात येईल. अनुभवी लोकांनी मोकळेपणाने लिहा.

---

निफाडचा_बागाईतदार

पेटीवाले दादा, तुमचा फॉर्म परवडला. आम्हाला रेसिड्यूचा (फवारणीच्या अंशांचा) रिपोर्ट, ग्लोबल गॅपचं शेतीचं प्रमाणपत्र, ग्रेपनेटवर निर्यातीच्या बागेची नोंदणी, पाण्याचा हिशेब एवढं सगळं आधीच आहे. आता पनेटचंही आमच्याच माथी येणार. पनेट महाग झाला की निर्यातदार ते पैसे बागेच्या भावातून कापतो, सुपरमार्केट एक सेंट वाढवून देत नाही.

माझं एकच म्हणणं. कागदाच्या डबीत मणी दिसत नाही. आमच्या थॉमसन द्राक्षाचा रंग आणि मण्याचा आकार हीच आमची जाहिरात. ते झाकून विकायचं असेल तर सोळा-अठरा मिलिमीटरचा मणी फुगवायचा खर्च तरी कशाला करायचा?

---

फ्लूट_बी

धागा आवडला. मी पॅकेजिंगमध्येच आहे, चाकणला. फळांपेक्षा गाड्यांच्या सुट्या भागांचं जास्त करते, पण आधी काही वर्षं फळांच्या पेट्यांचं केलं आहे. जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, बंदी आहे पण सरसकट नाही. पाणी उडून फळ सुकणं, दाब-धक्क्याने खराब होणं, जंतूंचा धोका हे टाळायला प्लास्टिकच लागतं असं दाखवता आलं तर सूट द्यायची मुभा त्या कलमात सदस्य देशांना आहे. कुठली फळं त्यात बसावीत याची मार्गदर्शक तत्त्वं युरोपीय आयोगाने १२ फेब्रुवारी २०२७ पर्यंत द्यायची आहेत. द्राक्ष बसेल की नाही हे आज छातीठोकपणे सांगणारा माणूस तुम्हाला मशीन विकायला आला आहे असं समजा.

दुसरी गोष्ट, सूट मिळाली तरी पेटचा पनेट आजच्यासारखा राहणार नाही. अन्नाला लागणाऱ्या पेट पॅकिंगमध्ये २०३० पासून किमान ३० टक्के रिसायकल माल हवा, २०४० ला ५० टक्के. आणि तो कुठलाही चालत नाही. अन्नासाठीच्या रिसायकल प्लास्टिकला त्यांचा २०२२/१६१६ हा वेगळा नियम आहे, त्यात मंजूर झालेल्या प्रक्रियेतूनच तो आलेला हवा. युरोपबाहेरून येणाऱ्या मालालाही तोच न्याय. म्हणजे तुमच्या पुण्याच्या थर्मोफॉर्मिंगवाल्याला शीटवाल्याकडून कागदोपत्री साखळी मागावी लागेल. आजच विचारून बघा, किती जण देतात ते.

तिसरी गोष्ट पल्प मोल्डिंगची. कंटेनरमध्ये शून्य अंशाच्या आसपास तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता असते. साधी पाच प्लायची पेटीसुद्धा अशा दमट हवेत निम्म्याच्या आसपास ताकद गमावते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पल्पचा पनेट तर फळाला चिकटून बसतो, फळातलं पाणी ओढतो. पेटीत द्राक्षाबरोबर ठेवतात त्या सल्फर पॅडमधून सुटणारा वायूही कागद काही प्रमाणात शोषून घेतो, म्हणजे बुरशीपासूनचं संरक्षण कमी. त्यावर उपाय म्हणून पूर्वी पल्पला पाणी-तेल धरू न देणारी जी रसायनं मारायचे त्यातली बरीचशी पीएफएएस (सहजी न विघटणारी फ्लोरिनची रसायनं) कुळातली. त्याच कायद्याने १२ ऑगस्ट २०२६ पासून अन्नाच्या पॅकिंगमध्ये पीएफएएसवर मर्यादा आहे. एकेका रसायनासाठी २५ पीपीबी (अब्ज भागांत २५ भाग), सगळ्यांची मिळून २५० पीपीबी. चीनहून स्वस्तात येणारी मशीनं आणि त्याबरोबरची 'कोटिंगची रेसिपी' घेताना हे लेखी मागा.

पुढचं संध्याकाळी लिहिते, मीटिंग आहे.

---

तात्या_विंचूरकर

सगळं थोतांड. पनेटचं वजन किती, काही ग्रॅम. त्यात अर्धा किलो फळ महिनाभर टिकून हॉलंडला पोचतं. कागदात घालून दहा टक्के माल सडला तर त्या सडलेल्या द्राक्षाला घातलेलं पाणी, खत, औषध, डिझेल कोण मोजणार? युरोपला स्वतःच्या बागा सांभाळायच्या आहेत, पर्यावरण हे निमित्त.

---

रॉटरडॅमकर

तात्या, तुमचा सडण्याचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, आणि म्हणूनच सुटीचं कलम आलं. पण 'स्वतःच्या बागा' हे पटत नाही. जानेवारी ते एप्रिलमध्ये युरोपात ताजं द्राक्ष कुठून येणार? त्या काळात इथे भारत, दक्षिण आफ्रिका, पेरू, चिली यांचाच माल असतो. हा नियम त्यांच्या स्पेन-इटलीच्या शेतकऱ्यालाही तितकाच लागू आहे.

मी इथे एका फळ आयातदाराकडे गुणवत्ता विभागात आहे. इथून दिसतं ते सांगतो. सुपरमार्केटवाले २०३० ची वाट बघत बसलेले नाहीत. झाकणाचा पनेट जाऊन वरून फिल्म चिकटवलेला टॉप सीलचा पनेट कधीच रुळला. अख्ख्या झाकणाचं प्लास्टिक वाचतं. ब्रिटनमध्ये तर एप्रिल २०२२ पासून ३० टक्क्यांपेक्षा कमी रिसायकल माल असलेल्या प्लास्टिक पॅकिंगवर टनामागे कर आहे. २०० पौंडांपासून सुरू झाला, २०२५ च्या एप्रिलपासून २२३.६९ पौंड झाला. हा कर तिथला आयातदार भरतो, म्हणून तुम्हाला फॉर्म येतो.

आता एक गोष्ट जी नाशिकमध्ये कोणी बोलत नाही. काही आयातदार म्हणतायत की पनेटच पाठवू नका. सुटे घड साध्या पेटीत पाठवा, आम्ही इथे आमच्या पॅकिंगमध्ये भरू. म्हणजे पॅकिंगचा नियम सांभाळायची डोकेदुखी त्यांची, पण पॅकिंगचा नफाही त्यांचाच. पिंपळगाव, दिंडोरी, मोहाडीकडच्या पॅकहाऊसांत हंगामात ज्या हजारो बायका घड छाटून, मणी वेचून पनेट भरतात, त्यांचं काम इकडे येईल. पेटीवाल्यांनी पनेट दिला नाही तर पर्याय पेट विरुद्ध कागद असा राहणारच नाही.

---

निफाडचा_बागाईतदार

हे मात्र खरं बोललात. सुटा माल गेला की भाव ठरवायचं आपल्या हातात काहीच राहत नाही. तिथे पोचल्यावर 'इतके टक्के मणी गळालेले होते' म्हणून कापणार आणि आपण फोटो बघत बसणार.

---

रद्दी_रोकडा

मालेगावहून. आमचा भंगारातून प्लास्टिक दाण्याचा धंदा, वडिलांच्या काळापासून. इथे गावात शेतीचे पाईप करणारे खूप, आमचा दाणा त्यांना जातो.

लोक म्हणतात प्लास्टिक कचरा कचरा. आमच्याकडे यायला पाहिजे ते प्लास्टिक येतच नाही आणि नको ते ढिगाने येतं. पाण्याची बाटली उकिरड्यावर टिकत नाही, पोरं उचलतात, तिला रोकडा आहे. ती धाग्याच्या गिरणीवाले घेतात, आता बाटलीवालेही मागायला लागले. पण तुमचा पनेट? बाटलीच्या गठ्ठ्यात तो घातला तर गिऱ्हाईक गठ्ठा परत करतो. प्लास्टिक तेच पेट, पण प्रत वेगळी, वाळवताना-वितळवताना तुकडे होतात, वर लेबलचा गोंद. आणि चिप्सच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या तर कोणी फुकट घेत नाही.

आता सरकारने ईपीआर आणला. १६ फेब्रुवारी २०२२ चा आदेश. कंपनीने जेवढं प्लास्टिक बाजारात टाकलं तेवढं गोळा करून त्याची सर्टिफिकेटं दाखवायची. कल्पना चांगली. पण काय झालं? २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या तपासणीत सहा लाखांच्या वर बनावट सर्टिफिकेटं निघाली, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटकातल्या चार रिसायकलवाल्यांची. न गाळलेल्या प्लास्टिकचे कागद विकले. खरा माल गाळणाऱ्याच्या सर्टिफिकेटला भाव मिळेना, कारण खोटं स्वस्त. हे बघून आमच्यातल्या बऱ्याच जणांनी पोर्टलवर नोंदणीच केली नाही.

---

भिवंडी_२०१८

माझी गोष्ट ऐका, मग मशीन घ्या.

मार्च २०१८ ला महाराष्ट्राने प्लास्टिक पिशव्या, थर्माकोल वगैरेवर बंदी आणली. २३ मार्चची अधिसूचना, तीन महिन्यांनी दंड सुरू. पहिल्यांदा पाच हजार, मग दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. त्याच्या आधीची दोन वर्षं सगळीकडे नॉन-वोव्हन पिशव्यांची लाट होती. दिसायला कापडासारखी, दुकानदार 'कापडी' म्हणूनच मागायचा. मशीनवाल्यांनी सांगितलं, हेच भविष्य आहे. माझ्या मेहुण्याने आणि मी भागीत घेतलं. अधिसूचना आली तर त्यात नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलीनही बंद! कारण ते प्लास्टिकच, फक्त धाग्याच्या रूपात. पुढे केंद्राच्या नियमात ६० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) वरचं चाललं, मग राज्यात काय, केंद्रात काय, माल पकडणारा कोणाचं मानतो, यातच वेळ गेला. मशीन शेवटी किलोच्या भावाने गेलं.

तुमच्याइतका मोठा धंदा नव्हता, पण शिकलो ते एवढं : एकाच मालाला जन्माचं बांधलेलं यंत्र घ्यायचं नाही.

---

वाचनखुणा

+१. शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं.

अवांतर : आमच्या सोसायटीत अजून त्या पिशव्या येतात. कुठून येतात कळत नाही.

---

तात्या_विंचूरकर

पेपर स्ट्रॉचं विसरलात का? २०२२ मध्ये केंद्राने १ जुलैपासून प्लास्टिकचे स्ट्रॉ, चमचे, ताटल्या बंद केल्या. फ्रूटी-अमूलसारख्या मोठ्या मोठ्या कंपन्या मुदत मागत होत्या, मिळाली नाही. इथे कागदी स्ट्रॉ पुरेसे बनत नव्हते म्हणून बाहेरून आणावे लागले. बंदी भारतात, फायदा परदेशातल्या कारखान्यांना. आता पोरं दोन घोट प्यायली की स्ट्रॉची लगदी होते.

---

फ्लूट_बी

तात्या, स्ट्रॉच्या बाबतीत तुमच्याशी थोडी सहमत. पण पुढचं बघा. पुरवठा नव्हता म्हणून ज्यांनी त्या वेळी देशात कागदी स्ट्रॉच्या लाइन टाकल्या त्यांना मोठी गिऱ्हाइकं आयती मिळाली. वेळ साधणारा कमावतो, फार लवकर जाणारा बुडतो, हे दोन्ही खरं. भिवंडीकरांनी लिहिलंय ते त्याचं दुसरं टोक.

आता सकाळचं अर्धवट राहिलेलं. पेटीवाले दादा, मला तुमच्या पनेटपेक्षा तुमच्या पेटीची जास्त काळजी वाटते. आणि यात युरोपचा काही दोष नाही, आपल्या धंद्याची रीतच आडवी येते.

आपल्याकडे पुठ्ठ्याची पेटी कशी विकली जाते? किलोवर. क्राफ्टचा (पेटीच्या तपकिरी कागदाचा) आजचा भाव, अधिक कन्व्हर्जन (कागदाची पेटी करायचा खर्च), गुणिले पेटीचं वजन. म्हणजे पेटी जितकी जड, तितकं बिल मोठं. गिऱ्हाईकही वजनकाट्यावर ठेवून बघतं आणि हलकी निघाली तर 'चोरी केली' म्हणतं. अशा धंद्यात कमी कागदाची पेटी काढणारा कारखानदार स्वतःच्याच पोटावर पाय देतो. मी एका गिऱ्हाइकाकडे पाच प्लायची पेटी चांगल्या बीएफच्या (दाबाने फुटायला किती जोर लागतो त्याचं माप) कागदाची तीन प्लाय करून दाखवली होती. कॉम्प्रेशन टेस्टला (वरून दाब देऊन ताकद बघायची चाचणी) जुन्या पेटीपेक्षा जास्त वजन घेतलं. खरेदी खात्याने नाकारली, कारण किलोचा दर जास्त दिसत होता. पेटीचा दर कमी होता, तरी!

नवीन कायद्यात पॅकिंग गरजेपेक्षा जड किंवा मोठं नको हे सरळ लिहिलं आहे. वाहतुकीच्या आणि ऑनलाइन विक्रीच्या पॅकिंगमध्ये २०३० पासून रिकामी जागा ५० टक्क्यांच्या वर नको. आणि रिसायकल होण्याजोगेपणाला अ, ब, क अशा श्रेणी, त्यातली 'क' २०३८ पासून बाद. हे सगळं पुठ्ठ्याच्या बाजूने आहे, पण पुठ्ठा जर किलोवर विकत राहिला तर त्याचा फायदा आपल्याला होणार नाही. म्हणून माझा सल्ला मशीनचा नाही, कोटेशनचा आहे. 'इतक्या आर्द्रतेत इतके दिवस, तळाच्या पेटीवर इतकं वजन पेलणारी पेटी, नगाला इतके रुपये.' कागद किती लागला ते तुमचं तुम्ही बघा.

---

पेटीवाला_अंबड

ताई, नेमक्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत.

किलोवर भाव का चालतो तेही सांगतो. क्राफ्टचा भाव आमच्या हातात नसतो. २०२१ आठवतंय का? चीनने १ जानेवारीपासून रद्दी आयात पूर्ण बंद केली. तिकडच्या मिलना लगदा हवाच होता, मग त्यांनी इथल्या क्राफ्ट मिलकडून रद्दीपासून केलेले रोल उचलायला सुरुवात केली. वापी, मोरबी, मुझफ्फरनगरकडून आमचे रोल येतात. मिलवाल्यांना निर्यातीत पैसे दिसले, आमच्याकडचे भाव दर पंधरा दिवसांनी वर. ज्यांनी नगावर वर्षाचे करार केले होते ते मेले. किलोवाले वाचले, कारण भाव पुढे सरकवता आला.

आणि आता जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेटीवर ५ टक्के आणि आम्ही घेतो त्या क्राफ्टवर १८. आधी दोन्हीकडे १२ होते. ग्राहकाला पेटी स्वस्त वाटते, पण कच्च्या मालावर भरलेला जास्तीचा कर आमच्या खात्यात अडकून पडतो. परतावा मिळतो, पण कधी? तोपर्यंत खेळतं भांडवल बँकेचं. नवीन मशीनचा हप्ता काढताना हे धरावं लागतं. 'हरित' धोरणं करणारे आणि कराचे स्लॅब ठरवणारे एकमेकांना भेटत असतील असं वाटत नाही.

तरी नगावर कोटेशन द्यायची कल्पना पटते, कराराला क्राफ्टच्या भावाचा निर्देशांक जोडून. भाव वर-खाली झाला तर तेवढाच फरक, वजनाचा प्रश्न नाही.

@रद्दी_रोकडा, पनेट बाटलीत चालत नाही ही माहिती मला नवीन. आमचा थर्मोफॉर्मिंगवाला तर '१०० टक्के रिसायकलेबल' असं साच्यातच कोरून देतो.

---

रद्दी_रोकडा

कोरून काय, उद्या सोन्याचं आहे असंही कोरता येतं. ते त्रिकोणाचं चिन्ह म्हणजे माल कुठला ते सांगतं, कोणी घेतो का ते नाही.

---

कोल्हापुरी_गूळ

उसाच्या चिपाडाचा पनेट का नाही? आपल्याकडे साखर कारखाने एवढे, बगॅसचे डोंगर. बगॅसच्या ताटल्या-वाट्या बनवणारे आहेतच की.

---

फ्लूट_बी

प्रश्न रास्त आहे, पण बगॅस आता फुकट नाही. कारखाने स्वतः बॉयलरला जाळून वीज करतात आणि जास्तीची विकतात. कागद मिलही मागतात. पनेटवाल्याला त्या भावाशी स्पर्धा करावी लागते. शिवाय लगदा साच्यात दाबल्यावर वाळवायला जी उष्णता लागते तो मोठा खर्च, आणि आर्द्रतेचं रडगाणं तेच. आंब्याला किंवा डाळिंबाला चांगला चालेल. पातळ सालीचं, पाणीदार फळ आणि महिन्याचा प्रवास असेल तर कठीण.

---

रॉटरडॅमकर

प्रवासावरून. २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि कंटेनर केप ऑफ गुड होपला वळसा घालून यायला लागले. दोनेक आठवडे वाढले. त्या हंगामात तळाच्या थरातल्या पेट्या बसलेल्या मी खूप बघितल्या. पेटी बसली की पनेटवर भार येतो, पेटचा पनेट कसाबसा सोसतो, कागदाचा चपटा होतो. म्हणून कागदी पनेट आणि पेटी दोन वेगवेगळ्या माणसांनी डिझाइन करून चालणार नाही. वजन पेटीने घ्यायचं, पनेटने फक्त फळ धरायचं. दोन्ही एकाच कारखान्यातून आले तर हे जमतं. पेटीवाले, यात तुमचा हात वर आहे, थर्मोफॉर्मिंगवाल्याचा नाही.

इथे आतून अगदी पातळ थर दिलेले, वर फिल्म चिकटवलेले पुठ्ठ्याचे पनेट चेरी टोमॅटोला सर्रास दिसतात. एक लक्षात ठेवा, प्लास्टिकचा थर एकूण वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर तो डबा कायद्याने 'मिश्र' मानत नाहीत, कागदात धरतात. त्याच्या वर गेलं की सगळं गणित बदलतं. बंदीच्या कलमातून तो सुटतो का, हा प्रश्न वेगळा. ते आमचे वकीलही अजून वाचतायत.

---

निफाडचा_बागाईतदार

मणी दिसायचा प्रश्न वरच्या फिल्मने सुटला म्हणायचा. ठीक. आता पैसे कोण देणार ते सांगा.

---

तात्या_विंचूरकर

शेतकरी. पुढचा प्रश्न?

---

रॉटरडॅमकर

पूर्ण खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. इथल्या देशांत पॅकिंग बाजारात आणणाऱ्याला कचऱ्याची फी भरावी लागते, आणि रिसायकल न होणाऱ्याला ती जास्त. ती फी आयातदाराच्या खिशातून जाते. पनेट बदलून त्याची फी वाचणार असेल तर त्यातला वाटा मागायचा हक्क तुमचा आहे. पण मागणार कोण? प्रत्येक निर्यातदार वेगळा बोलतो, आयातदार एकाला दुसऱ्यासमोर उभा करतो. नाशिकमध्ये शेतकऱ्यांच्या मोठ्या कंपन्या आहेत, त्यांनी हे बोलायला हवं.

---

भिवंडी_२०१८

आणि कागद आला म्हणजे सुटलो असंही नाही. केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये कागद, काच, धातूच्या पॅकिंगलाही ईपीआर लावायचा मसुदा काढला. आज प्लास्टिकवाला भरतोय, उद्या पुठ्ठेवाला.

---

वाचनखुणा

पिंपळगावच्या टोमॅटो मार्केटचं उदाहरण कोणी दिलं नाही. तिथे प्लास्टिकची वीस किलोची कॅरेट वर्षानुवर्षं फिरतात. गावाहून मार्केटला, मार्केटहून परत. कोणी 'सस्टेनेबल' म्हटलं नाही त्याला. कॅरेट हरवलं की पैसे कापतात, म्हणून ते परत येतं.

---

फ्लूट_बी

अगदी. युरोपातही परत फिरणाऱ्या क्रेटची मोठी जाळी आहेत. पण निर्यातीत रिकामं क्रेट समुद्रमार्गे परत आणणं परवडत नाही, म्हणून आपण पुठ्ठ्यावर. देशांतर्गत मालाला मात्र कॅरेटशी स्पर्धा करायला पुठ्ठेवाल्यांनी जाऊ नये, हरतील. आणि दूध पिशवीचं उलट. २०१८ च्या नियमात पिशवीमागे पन्नास पैसे परताव्याची योजना होती. किती जणांनी पिशवी धुऊन दुकानात परत दिली? पन्नास पैशांसाठी कोणी वाकत नाही. जर्मनीत पेटच्या बाटलीला २५ सेंट आहेत, म्हणून लोक रांग लावतात.

---

पेटीवाला_अंबड

सगळ्यांचे आभार. घरात चर्चा झाली, बँकेतही जाऊन आलो. सध्या ठरलं ते असं.

पल्प मोल्डिंग घेत नाही. २०२७ च्या फेब्रुवारीत मार्गदर्शक तत्त्वं येईपर्यंत तर नाहीच. जुनं डाय कटिंग बदलून मोठ्या शीटचं घेतोय आणि त्याच्या जोडीला फोल्डर-ग्लुअर (घडी घालून चिकटवणारं मशीन). त्यावर आज मिठाईचे खोके, औषधाचे खोके, उद्या पनेट, काहीही निघतं. द्राक्षाला सूट मिळाली आणि पेटचा पनेट टिकला तरी मशीन रिकामं राहणार नाही. भिवंडीकर, हे तुमच्यामुळे.

कॉम्प्रेशन टेस्टर आणि आर्द्रतेची छोटी खोली स्वतःची करतोय. आजवर पेट्या बाहेर तपासायला पाठवत होतो आणि रिपोर्ट फाइलला लावत होतो. आता नगावर कोटेशन द्यायचं तर ताकद आधी मला माहीत हवी. एका गिऱ्हाइकाला निर्देशांक जोडून नगाचा दर दिला आहे, त्याच्या खरेदी अधिकाऱ्याने दोनदा विचारलं, 'पण किलोला किती पडला?'

पनेटचे पहिले नमुने आपल्याच पुठ्ठ्यात, आतून पातळ थर, वर फिल्म. येत्या हंगामात एका पॅकहाऊसच्या मालातून थोड्या पेट्या बाकीच्या पेटच्या पेट्यांबरोबर एकाच कंटेनरमध्ये पाठवतो, म्हणजे तुलना होईल. निफाडकर, तुमच्या बागेतला माल त्यात घेतला तर चालेल का? रॉटरडॅमकर, तुमच्याकडे उतरला तर उघडून सांगाल?

तात्या, तुम्ही पैज लावणार असाल तर आत्ताच लावा.

---

निफाडचा_बागाईतदार

घ्या माल, पण ट्रायलच्या पेट्यांचे पैसे सडल्यावर माझ्यातून कापायचे नाहीत, हे पॅकहाऊसकडून आधी लिहून घ्या. फेब्रुवारीच्या मधला तोडा घ्या. पहिल्या तोड्यात साखर कमी असते, शेवटच्यात मणी मऊ.

---

तात्या_विंचूरकर

चपटे होणार. एक मिसळ माझ्याकडून, हरलो तर.

---

रॉटरडॅमकर

उघडतो की. फक्त काही गोष्टी करा. ट्रायलच्या पेट्या सगळ्या एका पॅलेटवर नको, निम्म्या तळाच्या थरात आणि निम्म्या वर ठेवा, नाहीतर तुलना फुकट जाईल. पेटीत एक तापमान-आर्द्रतेचा लॉगर टाका. आणि लॉट नंबर पेटीच्या अरुंद बाजूवर मोठ्या अक्षरात छापा. पॅलेट रचल्यावर आमच्या शीतगृहात ती बाजू समोर येते, लांब बाजूवरचं काही दिसत नाही.